हळदीच्या सुताची गुंडी

वडगावच्या विणकर आळीत दिवस उजाडायचा तो कोंबड्याच्या आरवण्यानं नव्हे, मागावरच्या धोट्याच्या आवाजानं. खटक्‌-फटक्‌, खटक्‌-फटक्‌. घराघरातून एकच बोली. महिन्यातून एक दिवस मात्र आळी मुकी व्हायची, अमावास्येला. त्या दिवशी मागाला हळदकुंकू लावायचं, उदबत्ती ओवाळायची आणि सगळ्यांनी पाय पसरून बसायचं.

मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला मालुबाईनं काही पाय पसरले नाहीत. तांबडं फुटायच्या आधीच तिनं चूल पेटवली. पुरणाचे कडबू उकडले, जोंधळ्याच्या भाकऱ्या थापल्या, शेंगाची चटणी कुटली. सगळं पाटीत नीट बसवलं आणि सगळ्यांच्या वर ठेवली एक पिवळीधमक सुताची गुंडी. तिपदरी पीळ घातलेलं, हळदीत भिजवून उन्हात वाळवलेलं सूत, दाणे काढलेल्या मक्याच्या बुरकुंडावर गुंडाळलेलं. चांगली नारळाएवढी गुंडी झाली होती.

ही गुंडी देवाची होती. नात बायाक्का जन्मली त्या वेळची गोष्ट. सून तारा अडली होती, सुईणीनं हात टेकले होते. मालुबाई मागच्या दारात आली. समोर शिवारापलीकडं येळ्ळूरचा गड निळा-निळा उभा. तिनं पदर पसरला. "सिद्धेश्वरा, माझी सून सुखानं सुटू दे. आम्ही दोघं जोडीनं वर येऊ आनि माझ्या हाताच्या सुतानं तुझं देऊळ गुंडाळू." पदर आवरायच्या आत आतून पोरीचं रडणं आलं.

आता ती पोर घरभर धावत होती, मागाखालच्या खड्ड्यात उतरून लपत होती, आणि नवस तसाच उभा होता. सगळं अडलं होतं त्या एका शब्दावर. जोडीनं.

मालुबाईचा नवरा परशराम, आळीचा आप्पा. काठ-पदर विणण्यात त्याचा हात धरणारा वडगाव-शहापुरात कुणी नव्हता. त्याच्या पदरावर लाल रेशमात पांढऱ्या दातांचा कोट असायचा, कोटामागं डोंगरांच्या शेंड्या असायच्या. आप्पानं गड विणावा आणि बाईनं तो खांद्यावर मिरवावा, असं लोक म्हणायचे. पण खरा गड त्याच्या मागच्या दारात उभा असून तो कधी चढला नव्हता.

"डोंगर चढायचं काम गोऱ्यांचं," आप्पा म्हणायचा. "कॅम्पातल्या सायबास्नी दुसरं हाय काय? काठी घ्यायची, कुत्रं घ्यायचं, वर जायचं नि परत खाली यायचं. वर ऱ्हायाचं न्हाय तर चढायचं कशाला?"

मालुबाईला खरं कारण ठाऊक होतं. उंचावरून खाली बघितलं की आप्पाचं डोकं गरगरायचं. एकदा कौलं शाकारायला छपरावर चढला आणि अर्ध्यात आढ्याला मिठी मारून बसला. मुलानं, भरमानं, आणि शेजाऱ्यांनी त्याला पोत्यासारखा उतरवला होता. जन्म सगळा मागाच्या खड्ड्यात गेलेला. कमरेपर्यंत भुईत, पाय माग चालवणाऱ्या पावड्यांवर, तोंड भिंतीकडं, नजर वीतभर पुढच्या सुतावर. लांबचं बघायची त्या डोळ्यांना सवयच लागली नव्हती.

आणि मालुबाईचा रहाट मागच्या दारात. सुताच्या कांड्या भरता भरता तिला गड दिसायचा. ती गुणगुणायची,

"निळा निळा गड, माझ्या दारातनं दिसं,
कंथ माझा मागावर, त्येला सवडच नसं."

आतून धोटा थांबायचा. "कोन म्हनतंय सवड न्हाय? येत्या अमावास्येला जाऊ." असं म्हणत म्हणत किती अमावास्या गेल्या. या खेपेला मात्र नातीनं आज्ज्याचं धोतर धरलं आणि सोडलंच नाही. "आज्जा, तू न्हाय आलास तर मी बी न्हाय जेवनार." बायाक्का हे आप्पाच्या आईचं नाव. आईचं नाव लावलेल्या पोरीपुढं त्याचं काही चालायचं नाही.

येळ्ळूरच्या रवळूची बैलगाडी बाजारातून रिकामी परतत होती. तिनं सगळ्यांना गडाच्या पायथ्याशी सोडलं. भात कापून झालेली शिवारं, त्यात नुकताच वर आलेला मसूर, बांधाबांधावर आज अमावास्येचं जेवायला बसलेली कुळवाड्यांची घरं. थंडी अशी कोवळी की ऊन अंगावर घ्यावं आणि घडी घालून ठेवावं.

चढण म्हणाल तर काही मोठी नव्हती. शेळ्या राखणाऱ्या पोरी दिवसातून दोनदा वर-खाली करायच्या. पिवळ्या गवतातून लाल मातीची वाट वळणं घेत जायची. भरमानं लेकीला खांद्यावर घेतलं, तारानं पाण्याची कळशी घेतली आणि तिघं हसत-बोलत पुढं गेली. मागं मालुबाई, डोक्यावर पाटी. तिच्या मागं आप्पा.

आप्पाचे पाय वाटेवर पडत होते ते सुद्धा पावड्या दाबल्यासारखे, एकदा डावा, एकदा उजवा, ठेक्यात. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. मालुबाईला वाटलं, सिद्धेश्वर पावला. तिसऱ्या वळणावर वाट उघड्या कड्याच्या अंगानं जात होती. तिथं आप्पानं मागं वळून बघितलं.

बस्स. एक दगड बघून तो खाली बसला, डोंगराकडं तोंड करून आणि दरीकडं पाठ करून, जणू समोर मागच आहे.

"काय झालं?"

"काय न्हाय. तुमी जावा. मी हितंच बसतो."

"अवो, निम्मं तर आलो की!"

"निम्मं आलो न्हवं? मग निम्मा नवस फिटला. ऱ्हायलेला निम्मा तू फेड."

"देवाशी असला हिशेब चालतो व्हय?" मालुबाई त्याच्या शेजारी टेकली, पाटी खाली ठेवली. "जोडीनं म्हनून सांगितलंय मी. त्या वक्ताला शब्द दिलाय."

"तू दिलास. मला कुठं इचारलंस? मी तवा मागावर हुतो."

"तुमी जलमभर मागावरच हुता!"

तिनं पाटीतली गुंडी काढून त्याच्या नाकापुढं धरली. "ही बघा. ह्येला पीळ घालताना माझी बोटं सोलली. जरा टोक तरी हातात घेऊन बघा, कसं हाय ते." तिनं सुताचं टोक सोडवलं. आप्पानं बघितलं नाही. मालुबाई बोलत राहिली. सुनेच्या बाळंतपणाचं बोलली, रुक्माबाई शेजारीण तिच्या नवऱ्याबरोबर सौंदत्तीचा डोंगर चढून आली त्याचं बोलली, आजवर आपण दोघांनी मिळून लांबचं असं काहीच बघितलं नाही, हे बोलली. तोंड बोलत होतं आणि हात आपल्या सवयीनं काहीतरी करत होते, तिकडं तिचंच लक्ष नव्हतं.

"रुक्माबाईच्या न्हवऱ्याचं डोकं गरगरत न्हाय," आप्पा डोंगराला सांगितल्यासारखं म्हणाला, "कारन त्येला डोकंच न्हाय."

एरवी ती हसली असती. आज हसली नाही. गुंडी पाटीत टाकली, पाटी डोक्यावर घेतली. "बसा मग हितं. गोऱ्या सायबाचं कुत्रं तरी वरपतूर जातं," असं म्हणून ताडताड निघाली. डोळ्यांत पाणी आलं ते पुसायला हात मोकळा नव्हता.

वर गडाच्या दारात तिघं थांबली होती. भरमानं आईचं तोंड बघितलं आणि नजर वळवली. बायाक्का मात्र गप्प बसणारी नव्हती.

"आज्जा कुठं हाय?"

"बसलाय खाली. दगडावर अंडं घालतोय."

तारा पदर तोंडाला लावून हसली.

आत तटाला टेकून उभं राहिल्यावर मालुबाईचा राग जरा वेळ कुठल्या कुठं गेला. तटाचे दात तिनं हातानं चाचपले. खरंच, पदरावर असतात तसेच की! आणि त्या दातांमधून दिसत होतं ते कुठल्याच पदरावर मावलं नसतं. उत्तरेला बेळगाव, तळ्याचं पाणी चमचमतंय, झाडीतून धुराची रेघ ओढत आगगाडी चाललीय. त्यापलीकडं कंग्राळीची शिवारं. मावळतीला बेळगुंदीच्या अंगानं डोंगरामागं डोंगर, पहिला हिरवट निळा, मागचा निळा, त्याच्या मागचा नुसता धुरकट, उदबत्तीच्या धुरासारखा. ती बघत राहिली. आणि बघताना तिला वाटत राहिलं, हे एकटीनं बघणं म्हणजे सणाचं जेवण एकटीनं जेवणं.

"आत्ती, देवाचं करून घेऊया?" तारा हळूच म्हणाली. "मामांजी खाली असले तरी मनानं हाईत की हितं."

"मनानं देऊळ गुंडाळता येत असतं तर मी घरातच गुंडाळलं असतं, बाई," मालुबाई म्हणाली. पण उठली. देवळापुढं पाटी उतरवली. कडबूंची फडकी बाजूला केली.

गुंडी नव्हती.

म्हणजे बुरकुंड होतं. मक्याचं नागडं बुरकुंड, त्यावर सुताचे चार-दोन वेढे. बाकी सगळं सूत पाटीच्या काठावरून बाहेर गेलं होतं, देवळाच्या पायरीवरून, अंगणातल्या गवतावरून, दाराच्या उंबऱ्यावरून, आणि गडाखाली. पिवळी बारीक रेघ, उन्हात चमकणारी.

"अगं बया!" मालुबाईनं कपाळावर हात मारला. आणि तो हात कपाळावर असतानाच तिला आठवलं. खाली, आप्पाच्या दगडाशेजारी, करवंदीचं झुडूप होतं. रहाटावर बसली की पहिल्यांदा सुताचं टोक खुंटीला गाठ मारून बांधायचं, मग पुढचं काम. टोक मोकळं सोडायचं नाही. इतकी वर्षं हात हेच करत आले होते. तोंड भांडत होतं तेव्हा हातांनी शेजारी खुंटी शोधली होती आणि करवंदीला पक्की गाठ मारली होती.

"म्हंजे देऊळ गुंडाळायच्या बदली आई डोंगर गुंडाळत आली," भरमा म्हणाला आणि पोट धरून हसला. "थांब, ओढून घेतो वर."

"हात लावू नगंस! झुडपात अडकून तुटंल." मालुबाई दाराकडं धावली; मागोमाग पाटी घेऊन तारा, पोरीला घेऊन भरमा. मालुबाई खालच्या वाटेवर नजर टाकायला वाकली आणि तिथंच थबकली.

खाली, चौथ्या वळणावर, एक पांढरं मुंडासं हलत होतं.

आप्पा होता. तो वर बघत नव्हता, खाली बघत नव्हता. कमरेत वाकला होता, डाव्या हाताच्या अंगठ्यापासून कोपरापर्यंत सुताची लड घालत होता, आणि तोंडानं बडबड चालली होती. वाऱ्यावर तुकडे ऐकू येत होते. "एवढं गुनाचं सूत... मातीत टाकून गेली... पोरखेळ समजली काय..."

विणकराच्या डोळ्यासमोर सूत मातीत पडलेलं असावं आणि त्यानं बसून राहावं, हे आजवर झालं नव्हतं. जेवता जेवता जमिनीवर दोरा दिसला तर आप्पा उष्ट्या हातानं उचलायचा. दगडावर बसल्या बसल्या कानाशी झुडपात पिवळं काही हललं असणार. त्यानं गाठ सोडली असणार, वाटलं असणार हातभर असेल. हातभर झालं, पुढं आणखी हातभर. आता लड मनगटाएवढी जाड झाली होती आणि आप्पाला आपण कुठं आलो याचा पत्ता नव्हता. त्याचं जग पुन्हा वीतभर झालं होतं, समोरचं सूत आणि आपले दोन हात.

"आज्...!" बायाक्कानं हाक मारायला तोंड उघडलं. तारानं चटकन त्यात कडबू घातला.

"कुनी बोलायचं न्हाय," मालुबाई कुजबुजली. "हाक ऐकून त्येनी मान वर केली की डोंगर दिसंल. डोंगर दिसला की परत बसतील."

चौघं दाराच्या आडोशाला चोरासारखी उभी राहिली. मुंडासं पाचव्या वळणावर आलं. एका जागी सूत काट्यात तुटलं होतं. आप्पानं दोन्ही टोकं शोधली, चिमटीत घेतली, गाठ मारली. अशी गाठ की बोटाला लागू नये. पुन्हा चालू लागला, एकदा डावा, एकदा उजवा.

तेवढ्यात कुठूनशी एक शेळी आली.

दारापासून थोडं खाली, वाटेच्या मधोमध, ती उभी राहिली. हळदीचा वास आला असेल. तिनं सूत तोंडात घेतलं, चघळलं, बेचव वाटलं म्हणून बाकीचं सोडलं आणि निघून गेली. पण तेवढा तुकडा तिच्याबरोबर गेला. खालचं टोक आप्पाच्या हातात संपणार होतं आणि वरचं टोक वाऱ्यावर उडून दाराशी येऊन पडलं होतं. मधली वाट मोकळी.

आप्पा तिथं पोचला. सूत संपलं. तो थांबला. गवतात हात फिरवला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. आता मान वर होणार.

मालुबाईनं पाटीतलं बुरकुंड उचललं, उरलेलं सूत भराभर गोळा केलं, टोकाला एक खडा बांधला. लुगड्याचा काचा मारून ती दाराच्या पायरीवर चक्क पालथी झाली, आडोशातून हात बाहेर काढला आणि खडा वाटेच्या कडेनं खाली घरंगळत सोडला. खडा गवतातून सुळकन गेला आणि आप्पाच्या पायाशी थांबला. मागं पिवळी शेपटी.

"हां! ह्ये बघ हितं हाय," आप्पा स्वतःशीच म्हणाला. खडा सोडून फेकला. गाठ मारली. लड पुन्हा फिरू लागली.

आता मालुबाई उठून बसली. सुताचं दुसरं टोक तिच्या मुठीत होतं. सुतातून तिला तो येताना कळत होता, बारीक बारीक ओढ, माशाला असते तशी. दहा हात. पाच हात. आप्पाची लड उंबऱ्याला आली, उंबरा ओलांडून आत आली, आणि मधे दोन वितीचं सूत राहिलं, एका बाजूला त्याची बोटं, दुसऱ्या बाजूला तिची.

आप्पानं पहिल्यांदा तिच्या बांगड्या बघितल्या, मग तिला.

"तू हितं काय करतीस?"

"मी हितं नवस फेडायला आलेय. तुमी हितं काय करताय?"

"हितं म्हंजे?" आप्पानं मान वर केली.

तट दिसला. तटाचे दात दिसले. दातांपलीकडं आभाळ, आणि आभाळाखाली एवढं मोठं काहीतरी की त्याला नाव देता येईना. मालुबाईनं सूत घट्ट धरलं, त्यानंही धरलं. दोन वितीचं ते सूत मागावरच्या ताण्याच्या धाग्यासारखं सरळ उभं राहिलं.

"आज्जा वर आला! आज्जा वर आला!" बायाक्काचा कडबू गिळून झाला होता.

आप्पा खाली बसला नाही. सूत धरून उभा राहिला, डोळे किलकिले करून बघत राहिला.

"भरमा," शेवटी तो म्हणाला, "त्यो निळा काठ कसला रं, मावळतीचा?"

"डोंगर हाईत आप्पा. बेळगुंदीपलीकडचे."

"एकावर एक तीन निळे हाईत. मी आजवर एकाच निळ्यानं विनत आलो." आणि थोड्या वेळानं, "आपलं घर कुठलं?"

भरमानं वडगाव दाखवलं. मसुराच्या हिरव्या पट्ट्यापलीकडं, झाडीत कौलांचा तांबडा ठिपका.

"एवढंसं?" आप्पा म्हणाला. "आनि त्येच्यात मी एवढा राग राग करतो व्हय?"

मग दोघांनी देऊळ गुंडाळलं. तो लड सोडत पुढं, ती सूत भिंतीला बसवत मागं. आप्पाला वेढे सारख्या अंतरानं हवे होते. दोनदा त्यानं उलगडायला लावलं. "देवाचं काम हाय, ढिलं चालनार न्हाय." सूत पुरलं का? शेळीनं खाल्लेलं वगळून पुरलं. शेवटची गाठ दोघांनी मिळून मारली.

"आत्ती, नाव घ्या!" तारानं पायरी अडवली. "न्हायतर कडबू मिळनार न्हाय."

"म्हातारपनी कसलं नाव?" मालुबाई लाजली. पण लाजता लाजता तिनं घसा साफ केला.

"पिवळ्या पिवळ्या सुताची डोंगराला केली वाट,
परशरामाचं नाव घेते, पडली देवाशी गाठ."

आप्पानं भुवया वर केल्या. "केली वाट? म्हंजे मुद्दाम केलंस व्हय ह्ये सगळं?"

मालुबाईनं भरमाकडं बघितलं. भरमा आभाळाकडं बघत होता.

"मग काय," ती म्हणाली. "तुमाला वाटलं, मी येडी हाय?"

तटाच्या सावलीत बसून सगळी जेवली. आप्पानं भाकरीचा तुकडा मोडावा आणि हात तसाच धरून मावळतीकडं बघत राहावं. उन्हं कलली, रवळूची गाडी पायथ्याला यायची वेळ झाली, आणि भरमानं हळूच विचारलं, "आप्पा, उतरायचं कसं?"

आप्पाच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. त्यानं दारातून वाट बघितली आणि एक पाऊल मागं घेतलं. सूत सगळं देवाला गेलं होतं.

मालुबाई पुढं झाली, खांद्यावरचा पदर मोकळा सोडला आणि त्याचं टोक मागं धरलं. चारचौघांत नवऱ्यानं बायकोचा हात धरायचे ते दिवस नव्हते. पदर धरायला हरकत नव्हती.

आप्पानं पदर दोन्ही हातांत घेतला. त्याच्याच मागावरचा होता, लाल रेशमाचा. तो त्यावर नजर लावून एकेक पाऊल उतरू लागला. दोन वळणं झाली, उघडा कडा आला आणि मागं पडला. आप्पानं तो बघितलाच नाही.

"मालू," करवंदीच्या झुडपापाशी तो मधेच म्हणाला.

"काय?"

"ह्या कोटाचा एक दात बारीक झालाय बघ. आनि डोंगर तर सगळेच चुकलेत. उद्या नवा पदर लावतो मागावर. तीन निळ्यांचा."

"बरं," मालुबाई म्हणाली. "पर त्येच्या आधी खाली चला. आनि पदर वढू नगा, लुगडं सुटंल."

पुढं भरमाच्या खांद्यावर बायाक्का खदखदून हसली.